शकुनसाठी पिशवी

भातकुलीच्या भगवंत माळ्याकडे सायकल आली ती फुलांसाठी. शेवंतीची नि झेंडूची गाठोडी कॅरिअरला बांधायची आणि उजाडता उजाडता अमरावतीचा बाजार गाठायचा, एवढंच तिचं काम. पण शकुनचं लग्न पातूरला झालं आणि सायकलीला दुसरं काम लागलं. वर्षातून दोन-तीनदा, कधी सणाच्या निमित्तानं, कधी निमित्तावाचून, तो पातूरला निघायचा. पहिल्या दिवशी मूर्तिजापूर मागं टाकून दिवेलागणीला अकोला. तिथं मुक्काम. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत लेकीचं दार. लोक म्हणायचे, बडनेऱ्याहून आगगाडी आहे, अकोल्याहून पातूरला मोटार आहे, मग ही तंगडतोड कशाला? भगवंत हसून सांगायचा, "गाडीत बसलं का वाट दिसत नाई. लेकीच्या घरची वाट मानसाले पाठ पाह्यजे."

वाट त्याला खरंच पाठ झाली होती. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या नाल्यात रेती जास्त, कुठल्या गावचं कुत्रं चाकामागं लागतं, सगळं.

त्या माघात तो निघाला तेव्हा कॅरिअर रिकामं होतं. शकुन पौषात गेली होती. पहिलं बाळंतपण, मूल आडवं. सुईणीनं हात टेकले तेव्हा सासरच्यांनी तिला बैलबंडीत घालून अकोल्याच्या दवाखान्याकडे नेलं, पण ती वाटेतच गेली. बाळही गेलं. भगवंत आणि माणिकबाई आगगाडीनं धावत गेले, पण पोचेपर्यंत राख निवली होती. तेरवी झाली. दोघं परत आले.

मग अमरावतीच्या बाजारात पातूरचा एक माणूस भेटला आणि जावयाचा, देवीदासचा, निरोप देऊन गेला. अस्थी अजून वावरातल्या लिंबाला बांधलेल्या आहेत. त्याच्यानं कुठं जाणं होत नाही. मामाजींनी यावं.

माणिकबाई त्या दिवशी चुलीपुढं बसली होती. तिला दम्याचा त्रास होता आणि थंडीत तो वाढायचा. निरोप ऐकून ती बराच वेळ चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "तिचं जावळ आपुन कौंडण्यपूरले काढलं होतं. वर्धेत सोडलं होतं. तिलेबी तिथंच नेऊ."

"नेतो," भगवंत म्हणाला.

"गाडीत नाई आनाची. गाडीत लोकायचे पाय लागतात. अन् हातात धरून बसान तं हात अवघडन, खाली ठेवान. तिले खाली ठेवाची नाई."

"सायकलनं आनतो. कॅरिअरले बांधतो."

"पाठीमांगं? मंग वाटेनं तुमाले दिसन कशी?"

भगवंतानं विचार केला. हँडलला अडकवली तर हेलकावे बसतील. पूर्वी एकदा मोजणीखात्याचा एक साहेब गावात आला होता. त्याच्या सायकलीच्या दांड्यांमधल्या तिकोनात, वरच्या दांडीला लटकवलेली, एक लहानशी पिशवी होती. कागद, नकाशे त्यातच असायचे. सायकल किती धडधडली तरी ती पिशवी हालायची नाही आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढं असायची. त्यानं माणिकबाईला हातानं आकार करून दाखवला.

"तशी पाहा," ती म्हणाली. "चामड्याची नको."

निघायच्या पहाटे तो चप्पल घालत होता तेव्हा ती दारापर्यंत आली. "आनखी एक. त्यायले इचारून या. पयलं बाळंतपन मायच्या घरी होते, हे साऱ्या जगाले मालूम आहे. तुमी सातव्या महिन्यात आनाले गेले, अन् त्या पार्बताबाईनं तुमाले रिकाम्या हातानं वापस पाठवलं. काहून पाठवलं, इचारा. शेवंती तोडाले त्यायले मजूर कमी पडत होते का? इतलं आयकल्याबिगर मी मराची नाई."

 हा प्रश्न त्याच्याही छातीत महिनाभर दुखत होता.

अकोल्यात ताजनापेठेच्या रस्त्यावर खुशालरावाचं सायकलचं दुकान होतं. भगवंताचा मुक्काम नेहमी तिथंच असायचा. खुशालराव अंगानं जाडजूड, तोंडानं बोलका. भगवंत सायकलवरून उतरतो न उतरतो तोच तो दुकानातून ओरडला, "या या, भगवंतजी. मी म्हनतच होतो, आता येतीनच म्हनून. काय झालं? नातू का नात?"

कार्तिकात भगवंतानंच त्याला सांगितलं होतं, लेकीला आणायला चाललो म्हणून. त्यानं सायकल खांबाला टेकवली. "पिशवी पाहाले आलो," तो म्हणाला. "दांड्यायच्या मधात बसते तशी. लांबच्या वाटेसाठी."

"हां, म्हंजे अंगडं-टोपडं न्याचं आहे," खुशालराव खूश होऊन म्हणाला आणि आत वळला. "माह्यं आयका, या बारीले चांगली चीज घ्या. दरवेळेस फडक्यात गाठोडं बांधून जाता."

त्यानं आधी काढली ती चामड्याची. तपकिरी, तेल दिलेली, पितळी कडीची. विलायती होती. काउंटरवर ठेवताच दुकानभर तिचा वास सुटला. "पाऊस असो का धूळ असो, आतल्या चिजेले काई होत नाई. हात लावून पाहा."

भगवंतानं हात लावला नाही. "दुसरी दाखवा."

दुसरी किंतानाची, जाड, दोन कप्प्यांची, तिकोन पुरा भरून टाकणारी. खुशालरावानं ती सायकलीला लावली आणि भगवंताला वर बसवलं. खांबाला धरून भगवंतानं दोन-चार पायडल उलटे मारले. दर फेरीला गुडघा पिशवीला घासत होता. "पातूर येता येता चामडी सोलन," तो म्हणाला आणि खाली उतरला.

"मोठी घेतली तं मावन जास्त."

"मोठी नको. लहान पाह्यजे."

खुशालराव स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. त्यात धूळ बसलेली एक लहान पिशवी होती, खाकी कॅनव्हासची, पुढच्या कोपऱ्यात बसणारी, वरच्या दांडीला दोन आणि पुढच्या दांडीला एक पट्टा. कुणी तरी मागवली होती आणि नेलीच नव्हती. "इतकीशी आहे," तो म्हणाला. "काय मावते तिच्यात?"

"मावते."

त्यानं ती लावली. गुडघे मोकळे राहिले. पिशवी हँडलच्या जरा खाली, दोन हातांच्या मधोमध आली. भगवंत सायकलवर बसून तिच्याकडे पाहत राहिला. हीच ती, असं त्याला वाटलं. मग त्यानं वाकून पट्टे पाहिले, बोट न लावता.

"पट्टे चामड्याचे हायेत."

"पट्टेच तं हायेत ना. कपडे आतमधी राहतीन. कपड्याले काय चामडं लागते?"

"पट्टेबी चालत नाईत, खुशालराव."

"काहून नाई चालत?" खुशालराव हसत होता. "कोन्या देवाचं सामान नेऊन राहिले का?"

भगवंत सायकलवरून उतरला. आतापर्यंत कुणालाही त्याला हे शब्द सांगावे लागले नव्हते. गावातल्यांना आपोआप कळलं होतं, बाजारातल्यांना दुसऱ्यांनी सांगितलं होतं. त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "अस्थी हायेत," तो म्हणाला. "शकुनच्या. बाळंतपनात गेली."

दुकानात एक गिऱ्हाईक हवा भरायला थांबलं होतं. खुशालरावानं त्याला हातानंच जायला सांगितलं. मग तो स्टुलावर बसला. मोठा माणूस एवढासा झाला. "मी आल्या आल्या काय बोललो तुमाले," तो म्हणाला.

"तुमाले काय मालूम."

 खुशालरावानं विलायती पिशवी नजरेआड नेऊन ठेवली. लहान पिशवी मांडीवर घेतली आणि धारेच्या चाकूनं पट्ट्यांची शिवण एक एक टाका करून उसवली. चामड्याचा एक धागाही राहू दिला नाही. शेजारी खाटा-बाजा विणणारा होता, त्याच्याकडून कोरी नवार आणली, तिचे तीन पट्टे कापले आणि सुई-दोऱ्यानं स्वतः शिवले. जाड बोटांना सुई सापडत नव्हती, दोनदा टोचली. भगवंत म्हणाला, मी शिवतो. तो म्हणाला, "तुमी बसा." मग नळावर पिशवी तीन पाण्यांतून काढली आणि तारेवर वाळत घातली. पैशाचं नाव काढलं तेव्हा त्यानं मान हलवली. भगवंत म्हणाला, हे काम फुकटात होत नाही, तिचा बाप आहे मी. मग खुशालरावानं मुकाट्यानं घेतले.

दुसऱ्या दिवशी पातूरला पोचला तेव्हा पार्बताबाई ओट्यावर बसली होती. देवीदासची आई. हाडापेरानं उंच, कमी बोलणारी. ती उठून उभी राहिली, आतून पाण्याचा गडवा आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. भगवंत म्हणाला, "तहान नाई." तिनं गडवा तसाच उचलून आत नेला.

विचारायचं ते तिथंच विचारता आलं असतं. कार्तिकात याच ओट्यावर ती त्याला म्हणाली होती, "शेवंतीचा तोडा चालू आहे, इवाईबुवा, अन् पोरगी ठनठनीत आहे. आता नाई पाठवत. मंग पाहू." शकुन तेव्हा दारात उभी होती, खाली मान घालून. रडली नव्हती. सासूच्या धाकानं गप्प आहे, असं त्यानं धरलं आणि मन मारून परत फिरला. आता पार्बताबाईच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहून त्यानं दुसरंच विचारलं. तो म्हणाला, "देवीदास कुठं हायेत?"

"वावरात," ती म्हणाली. "तिथंच राहते तो."

देवीदास लिंबाखाली बसला होता. पंचविशीचा पोरगा, पण दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सासऱ्याला पाहून उठला, पाया पडला. लिंबाच्या खालच्या फांदीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लहानसं मडकं लटकत होतं. बाजूला शेवंतीचे वाफे, फुलं झाडावरच सुकून काळी पडलेली. शकुन गेल्यापासून तोडलीच नव्हती.

त्यानं मडकं उतरवलं. भगवंतानं बरोबर आणलेलं कोरं मांजरपाट अंथरलं नाही, दोन्ही हातांवर धरलं, आणि देवीदासनं त्यात सगळ्या अस्थी ओतल्या. भगवंताला वाटलं होतं, मूठभर मिळतील. "सगळ्याच?" त्यानं विचारलं.

"सगळ्याच न्या. तिचे दोन भाग नका करू." मग जरा थांबून म्हणाला, "मीबी येतो, मामाजी."

"इतली वाट तुमाच्यानं होईन का?"

"होईन."

पुरचुंडी बांधून भगवंतानं ती पिशवीत ठेवली. बरोबर मावली. इतकी बरोबर, की त्याला झाकण लावायला वेळ लागला.

देवीदासनं गावातून कुणाचीशी सायकल मागून आणली आणि दोघं निघाले. रस्त्यानं कापसाच्या बंड्या अकोल्याच्या जिनांकडे चालल्या होत्या. बाभळींच्या काट्यांना कापूस लागून राहिला होता. भगवंत पुढं, जावई मागं. भगवंताची नजर रस्त्यावर कमी आणि दोन हातांच्या मधल्या त्या खाकी पिशवीवर जास्त होती. खड्डा आला की तो नकळत वेग कमी करायचा. लहानपणी ती पुढच्या दांडीवर बसायची, बाजारात जाताना, तेव्हाही तो असंच करायचा.

अकोला जवळ आलं होतं. मागच्या सायकलीचा आवाज येईना म्हणून त्यानं वळून पाहिलं. देवीदास खाली उतरला होता आणि सायकल हातात धरून चालत होता. भगवंत थांबला. तिथं काही नव्हतं. एक वाकडी बाभूळ, एक कोरडा नाला, त्याच्यावरची फरशी.

"इथं," देवीदास म्हणाला. "पानी मांगितलं तिनं. मी नाल्यात उतरलो, नाला कोरडा. वर आलो तं..." 

भगवंतही उतरला. सायकल जमिनीवर पाडायची नव्हती, म्हणून बाभळीला टेकवून धरून उभा राहिला. आणि तिथं, त्या जागी, इतके दिवस दाबलेलं वर आलं.

"जवाईबापू, तुमाच्या मायनं तिले काहून पाठवलं नाई? माह्याजवळ असती तं अमरावती जवळ होती. बायकायचा डफरीन दवाखाना जवळ होता. चार फुलं तोडाची राह्यली असती तं काय बुडत होतं?"

देवीदासनं मान वर केली नाही. एक बंडी गेली, तिची धूळ खाली बसली. मग म्हणाला, "आईनं नाई ठेवलं तिले. तिनंच पाय काढला नाई."

"म्हंजे?"

"दिवाळीच्या पयले तुमाच्याकडे येऊन गेली होती ना ती. तव्हा मामीले पाह्यलं तिनं. मामी पानी भरता भरता बसून गेल्या होत्या, दम लागून. घरात दुसरं बाईमानूस नाई. वापस आल्यावर म्हने, माह्यं बाळंतपन मायच्यानं निभत नाई. ते माह्यासाठी रात-रात उठन, धुनं धुईन, शेक-शेगडी करन, अन् तिथंच पडन. मी नाई जात. पन तुमाले सांगतलं असतं तं तुमी ओढून नेलं असतं. म्हनून आईच्या पाया पडली. म्हने, तुमी नाई म्हना. तुमाच्यावर येऊ द्या."

 भगवंत बाभळीच्या खोडाकडे पाहत होता.

"आईनं पयले नाई म्हटलं. मंग म्हने, बरं, माह्यावर येऊ दे. एका शिवीनं मी मरत नाई." देवीदासनं तळहातानं डोळे चोळले. "अन् मी... मी तिले एकदाबी जा म्हटलं नाई, मामाजी. मले चांगलं वाटलं. ती राहते म्हनून मले चांगलं वाटलं."

भगवंताला त्याला काही तरी म्हणायचं होतं. तुझा दोष नाही, असं. ते त्याला म्हणता आलं नाही, कारण ते खरं आहे की नाही हेच त्याला कळत नव्हतं. त्यानं फक्त एका हातानं सायकल धरून दुसरा हात जावयाच्या खांद्यावर ठेवला.  मग भगवंत म्हणाला, "चाला. दिवस बुडते."

रात्री अकोल्यात खुशालरावानं दुकानामागच्या लिंबाची एक फांदी आधीच झाडून-पुसून ठेवली होती. पिशवी तिथं टांगली. तिघं त्याच झाडाखाली निजले.

दुसऱ्या दिवशी भातकुलीकडे येता येता भगवंताच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माणिकबाई विचारेल. पहिला प्रश्न तोच असेल. आणि खरं सांगितलं तर? माझ्या दम्यापायी माझी लेक परक्या गावी मेली, एवढंच ती त्यातून ऐकेल. मग कितीही समजावलं तरी ती त्यातून उठायची नाही. सांगितलं नाही तर सगळा दोष पार्बताबाईवर. पाण्याचा गडवा परत नेताना तिचा चेहरा कसा होता, ते त्याला आता दिसायला लागलं. वाटेत तो एकदाच बोलला. "घरी मी बोलतो. तुमी गुमान राहा." देवीदासनं मान हलवली.

अस्थी घरात न्यायच्या नव्हत्या. मळ्याच्या कडेला आंबा होता, तिथं त्यानं सायकल उभी केली. माणिकबाई लांबून येताना दिसली, मधे दोनदा थांबत, कमरेवर हात ठेवून. जवळ येऊन तिनं आधी पिशवी पाहिली. नवारीचे पट्टे चाचपले. मग पिशवीवर तळहात ठेवून उभी राहिली, ताप पाहावा तशी. रडली नाही.

मग तिनं जावयाकडे तोंड केलं. "इचारलं का तुमी?" तिनं नवऱ्याला विचारलं, पण पाहत होती देवीदासकडे. "काहून नाई पाठवलं माह्या पोरीले?"

देवीदासचे ओठ हलले. भगवंत मधे आला.

"शेवंतीचा तोडा होता," तो म्हणाला. "इहीनबाईनं ठेवून घेतलं. मानसं कमी होते."

शब्द तोंडातून निघाले आणि त्याला वाटलं, जीभ आपली नाही. देवीदासनं खाली पाहिलं. आपल्याच आईवर आलेलं त्यानं मुकाट्यानं झेललं.

"पाह्यलं?" माणिकबाई म्हणाली. "मी म्हनतच होती. फुलासाठी. चार टोपल्या फुलासाठी." आणि मग तिला रडू फुटलं. महिनाभर आलं नव्हतं ते. आंब्याच्या खोडाला धरून ती पार्बताबाईला बोलत राहिली, तिच्या सात पिढ्या काढत राहिली, दम लागला की थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. दोघं पुरुष ऐकत उभे होते. शेवटी ती थकून खाली बसली. डोळे पुसले. देवीदासकडे पाहून म्हणाली, "तुमी जेवले का? तोंड उतरलं तुमचं. तुमचा काय दोष त्यात. चाला, भाकर टाकते."

अमरावतीवरून, कुऱ्ह्यावरून दोघं सायकलींनी कौंडण्यपूरला पोचले. माणिकबाई एका ओळखीच्या माणसाच्या बंडीतून आधीच निघाली होती. वर्धेला पाणी बेताचं होतं, गोट्यांमधून वाहत होतं. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं झालं. देवीदास गुडघ्याइतक्या पाण्यात गेला. पुरचुंडी सोडली. पांढरे तुकडे क्षणभर पाण्याखाली दिसले, मग दिसेनासे झाले. माणिकबाई काठावर बसून, पूर्वी जावळ कोणत्या दगडावर काढलं होतं तो दगड शोधत होती. तिला तो सापडला नाही. "पुरानं हालला असन," ती म्हणाली.

देवीदास तिथूनच पातूरला परत गेला. एकटाच, मागून आणलेल्या सायकलीवर.

माघ, फाल्गुन, चैत्र. माणिकबाईचा दमा उन्हाळ्यात बरा झाला. ती कामाला लागली. पाणी भरताना, वाफे निंदताना ती पार्बताबाईचं नाव घ्यायची आणि दोन शब्द बोलायची. शेजारणी मान डोलवायच्या. हळूहळू ते शब्द तिच्या कामाचा भागच झाले. भगवंत ऐकायचा आणि उठून विहिरीकडे जायचा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. घरोघरी गेलेल्यांच्या नावानं घागरी भरायची तयारी चालली होती. एका पहाटे भगवंतानं सायकल काढली. माणिकबाईनं विचारलं, कुठं? तो म्हणाला, "अकोल्याले. बी-बियानं पाहाले."

तो पातूरला गेला. आता तिथं त्याचं कुणी नव्हतं, तरी गेला. पार्बताबाई ओट्यावरच होती. तिनं पाहिलं, उठली नाही. तिला वाटलं असेल, शिव्या द्यायला आला. तो तिच्यासमोर खाली बसला.

"इहीनबाई," तो म्हणाला, "देवीदासनं मले सांगतलं. तव्हाच."

पार्बताबाईनं ओट्यावरचं सूप बाजूला सरकवलं.

"मी घरी नाई सांगतलं. तुमच्यावरच ठेवलं."

"बरं केलं," पार्बताबाई म्हणाली.

"घरची रोज तुमाले शिव्या देते."

"देऊ द्या. जेवते का?"

"जेवते."

"मंग देऊ द्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माह्या पाया पडली होती ते. सुनेनं सासूच्या पाया पडनं काई नवं नाई. पन ते मांगत काय होती, तं माह्यासाठी वाईट व्हा म्हने. कशी नाई म्हनू?" तिनं अंगणाकडे पाहिलं. "मले रातच्याले वाटते, मी नाईच म्हनाले पाह्यजे होतं. हात धरून तुमच्या सायकलवर बसवाले पाह्यजे होतं. मंग वाटते, तरीबी काय झालं असतं कोन जाने."

"कोन जाने," भगवंत म्हणाला.

गजांच्या दारातून ऊन आत सरकत होतं. तिनं आत जाऊन त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "एक इचाराचं होतं. तुमी आले नसते तं मीच कोनाले पाठवनार होती."

"बोला."

"लोकं देवीदाससाठी पोरगी दाखवून राहिले. बाळापूरकडची एक आहे. तो नाईच म्हनते. पन मी म्हातारी. माह्यामांगं त्याले कोन? वावरात झाडाखाली बसून जलम निघत नाई." ती थांबली. "तुमी नाई म्हनान, तं मी इषय काढत नाई. शकुनचा बाप आहात तुमी."

भगवंतानं बाहेर पाहिलं. देवीदास पलीकडच्या वावरात पाटाचं पाणी वाफ्यांना देत होता. दाढी काढली होती. खोरं मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. चिखल बाजूला होऊन पाणी नव्या वाफ्यात जात होतं.

"करा," भगवंत म्हणाला. "त्याले सांगा, मामाजीनं सांगतलं म्हना. पोरगी चांगली पाहा. फक्त..." पुढं काय म्हणायचं होतं ते त्याला आठवेना. "चांगली पाहा," तो पुन्हा म्हणाला.

पार्बताबाईनं त्याच्या पायांकडे हात नेले. त्यानं ते मधेच धरले. व्याही-विहिणीत असं कधी होत नसतं.

देवीदासला न भेटताच तो निघाला. अकोल्यात त्या दिवशी तो खुशालरावाकडे थांबला नाही. दुसऱ्या दिवशी घरी पोचला तेव्हा माणिकबाई आखाजीच्या घागरीला शेंदूर लावत होती.

"मिळालं का बियानं?" तिनं विचारलं.

"नाई. यंदा बियानं चांगलं नाई."

"मी म्हनतच होती, इतल्या दूर कशाले जाता." तिनं घागर बाजूला ठेवली आणि त्याचं ताट वाढायला उठली. उठता उठता पार्बताबाईच्या नावानं काही तरी पुटपुटली. भगवंत हात धुऊन पाटावर बसला.